35 सेंटची बातमी: ब्रायन टिम्पोन आणि जर्नॅटिकचे प्रकरण

एप्रिल 2012 मध्ये शिकागो ट्रिब्यूनची मालक असलेल्या ट्रिब्यून कंपनीने वृत्तपत्रांना गावपातळीवरचा मजकूर तयार करून देणाऱ्या जर्नॅटिक नावाच्या एका लहान कंपनीत गुंतवणूक केली आणि ‘ट्रिबलोकल’ या आपल्या उपनगरी वृत्तसेवेचे काम तिच्याकडे सोपवले. ट्रिबलोकलची त्या वेळी 90 गावांसाठी संकेतस्थळे होती आणि 22 साप्ताहिक छापील आवृत्त्या निघत होत्या. या व्यवहारामुळे ती चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 20 जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यानंतर तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते, तोच 13 जुलै 2012 रोजी ट्रिब्यूनने जर्नॅटिकचे काम बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. खोट्या नावांनी छापलेला मजकूर, उचलेगिरी आणि एका क्रीडावृत्तातील रचलेला भाग अशी कारणे त्यामागे होती.

त्या काळात या घटनेची चर्चा बहुतांशी एकाच अंगाने झाली. इलिनॉयमधल्या गावाची बातमी फिलिपिन्समध्ये बसून लिहिली जाते, हे लोकांना धक्कादायक वाटले आणि चर्चा तिथेच घुटमळत राहिली. प्रस्तुत अभ्यासात अंतराचा प्रश्न दुय्यम मानला आहे. या बातमीचे पैसे कोण देतो आणि तिच्याबद्दल जाब कोण देतो, हे येथे तपासायचे दोन प्रश्न आहेत. जर्नॅटिकचे संस्थापक ब्रायन टिम्पोन यांच्या 2012 च्या आधीच्या आणि नंतरच्या वाटचालीकडे याच दृष्टीने पाहिले, तर त्या उन्हाळ्यातील गदारोळ हा त्यांच्या कारकिर्दीतला केवळ एक टप्पा ठरतो.

गावच्या बातमीचे अर्थकारण

अमेरिकी वृत्तपत्रांचे जाहिरातींचे उत्पन्न 2005 मध्ये सुमारे 49 अब्ज डॉलर होते. 2012 पर्यंत, ऑनलाइन जाहिराती धरूनही, ते जवळपास निम्म्यावर आले. छोट्या जाहिराती क्रेगलिस्टसारख्या फुकट संकेतस्थळांकडे गेल्या आणि उरलेल्यांचा मोठा हिस्सा शोधयंत्रे आणि समाजमाध्यमे यांनी घेतला. ट्रिब्यून कंपनीची स्थिती तर इतरांपेक्षा बिकट होती. उद्योजक सॅम झेल यांनी 2007 च्या अखेरीस प्रचंड कर्जाच्या आधारे ती ताब्यात घेतली होती, पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितले आणि त्यातून ती 2012 च्या अगदी शेवटच्या दिवशी बाहेर पडली. जर्नॅटिकशी व्यवहार झाला तेव्हा ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतच होती, ही गोष्ट त्या निर्णयाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

गावपातळीवरच्या बातमीची मूळ अडचण मात्र या मंदीच्याही आधीची आहे. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या उपनगरातील शाळा मंडळाच्या बैठकीची बातमी त्या उपनगराबाहेर कोणालाही नको असते, म्हणून तिचे वाचकही मोजके आणि तिच्याशेजारी जाहिरात देणारे दुकानदारही मोजके. मात्र ती बैठक संपेपर्यंत बसून राहणाऱ्या बातमीदाराचा पगार राष्ट्रीय राजकारणावर लिहिणाऱ्या बातमीदाराच्या पगारापेक्षा दहापट कमी असू शकत नाही. छापील वृत्तपत्राच्या सुगीच्या काळात महानगरातील मोठ्या दुकानांच्या जाहिराती हा तोटा भरून काढत असत. त्या आटल्या आणि गावची बातमी स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही हे उघडे पडले.

यावर एओएल या इंटरनेट कंपनीने 2009 मध्ये पॅच हे गावोगावच्या बातम्यांच्या संकेतस्थळांचे जाळे विकत घेऊन सर्वांत महागडे उत्तर शोधले: प्रत्येक गावाला एक पूर्णवेळ संपादक. 2012 च्या सुमारास पॅचची साडेआठशेच्या आसपास संकेतस्थळे होती आणि तोटा इतका होता की जानेवारी 2014 मध्ये एओएलने त्यातील बहुमताचा हिस्सा हेल ग्लोबल या कंपनीकडे सोपवला. ट्रिबलोकलने सुरुवातीला, म्हणजे 2007 मध्ये, वाचकांनीच पाठवलेल्या मजकुरावर भर दिला. तो पुरेना म्हणून पुढे बातमीदार नेमले आणि खर्च वाढला. या दोन अनुभवांच्या पार्श्वभूमीवर टिम्पोन जे विकत होते ते ट्रिब्यूनच्या व्यवस्थापनाला आकर्षक का वाटले असेल, हे समजणे कठीण नाही.

टिम्पोन यांची आधीची वाटचाल

टिम्पोन यांनी सुरुवातीला दूरचित्रवाणीवर बातमीदारी केली आणि पुढे इलिनॉय प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन नेते ली डॅनियल्स यांचे प्रवक्ते म्हणून काम केले. बातमी कशी तयार होते आणि ती कोणाला हवी असते, या दोन्ही गोष्टी त्यांनी अशा रीतीने आतून पाहिल्या होत्या. 2004 मध्ये इलिनॉयच्या नैऋत्य भागात ‘मॅडिसन–सेंट क्लेअर रेकॉर्ड’ हे न्यायालयीन बातम्यांचे साप्ताहिक निघाले, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. मॅडिसन परगण्यात त्या काळी सामूहिक दाव्यांची आणि अॅस्बेस्टॉसच्या खटल्यांची मोठी गर्दी असे. कंपन्यांवर होणाऱ्या अशा दाव्यांना विरोध करणाऱ्या यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योगसंघटनेच्या कायदेसुधारणा विभागाचा या साप्ताहिकामागे पैसा होता आणि सुरुवातीच्या वाचकांना ते सांगितलेले नव्हते. न्यायालयात दाखल झालेल्या कागदांवरून नियमित बातम्या करायच्या आणि त्यांचा खर्च ज्याला त्या बातम्यांत रस आहे अशा संस्थेने उचलायचा, ही रचना तेव्हाच सिद्ध झाली होती. पुढचे सगळे समजण्यासाठी हे लक्षात ठेवणे उपयोगी पडते.

2006 च्या सुमारास टिम्पोन यांचे दोन उद्योग सुरू झाले. ब्लॉकशॉपर हे संकेतस्थळ घरांच्या खरेदी-विक्रीच्या सरकारी नोंदी घेऊन त्यांच्या छोट्या बातम्या करत असे: अमुक वकिलाने अमुक रस्त्यावरचे घर इतक्या डॉलरला घेतले, तो अमुक विद्यापीठात शिकला, अमुक संस्थेत काम करतो. नोंदी सार्वजनिक असल्या, तरी ज्यांची नावे येत त्यांना ते रुचत नसे. 2008 मध्ये जोन्स डे या बड्या वकिली संस्थेने आपल्या वकिलांच्या घरखरेदीच्या बातम्या आणि त्यांतून आपल्या संकेतस्थळाकडे दिलेले दुवे यांवरून ब्लॉकशॉपरवर व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली दावा केला. दुव्यांवर बंधन घालू पाहणारा हा दावा अनेक माहितगारांना ओढूनताणून केलेला वाटला होता. फेब्रुवारी 2009 मध्ये तडजोड झाली आणि ब्लॉकशॉपरने दुवे देण्याची आपली पद्धत बदलण्याचे मान्य केले. त्याच सुमारास आकाराला आलेली जर्नॅटिक हीच युक्ती घरांच्या नोंदींपलीकडे नेणारी होती.

कारखान्याची रचना

गावच्या बातमीपत्रातील मजकुराचा मोठा भाग बातमीदाराने शोधून काढलेला नसतोच, हे टिम्पोन यांनी अचूक हेरले होते. शाळेतील जेवणाचा आठवड्याचा तक्ता, गुणवान विद्यार्थ्यांच्या याद्या, पोलिसांच्या नोंदवहीतील घटना, निधनवार्ता, शालेय सामन्यांचे गुण, घरांचे व्यवहार, मंडळांची प्रसिद्धीपत्रके आणि कार्यक्रमांच्या तारखा ही सारी माहिती कोणीतरी आधीच तयार केलेली असते. ती गोळा करून, एका साच्यात बसवून, वाचता येईल अशी मांडणे एवढेच काम उरते. हे काम प्रशिक्षित बातमीदाराकडून करून घेणे म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणे आहे, ते अन्यत्र स्वस्तात करून घेतले तर बातमीदार खऱ्या बातमीदारीला मोकळा होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या युक्तिवादाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र ट्रिबलोकलच्या बाबतीत पहिल्याच दिवशी खोटा ठरला, कारण मोकळे होणाऱ्या बातमीदारांपैकी अनेकांना थेट घरी पाठवण्यात आले होते.

जर्नॅटिकमध्ये काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकत असे. सरकारी कार्यालये, शाळा, पोलीस ठाणी यांच्याकडून आलेली माहिती प्रथम संगणकप्रणालीत जमा होई. फिलिपिन्समधील आणि इतर ठिकाणचे कंत्राटी लेखक तिच्यावरून नोंदी किंवा पहिला मसुदा तयार करत. अमेरिकेतील मुक्त लेखक आणि संपादक तो तपासून, आवश्यक तिथे पुन्हा लिहून पुढे पाठवत. आणि शेवटी तो ग्राहक वृत्तपत्राच्या पानावर किंवा संकेतस्थळावर उतरे. फिलिपिन्समधील लेखकांना एका नोंदीमागे 35 ते 40 सेंट मिळत आणि आठवड्याला किमान 250 नोंदींची अपेक्षा असे, म्हणजे पूर्ण आठवड्याची कमाई 87 ते 100 डॉलर. अमेरिकेतील संपादनाचे काम तासाला 10 डॉलरच्या आसपास होते आणि त्याबरोबर नोकरीचे कोणतेही फायदे नव्हते.

दराची ही पद्धतच मजकुराचा दर्जा ठरवत होती, आणि या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. नोंदीमागे पैसे मिळतात तेव्हा फोन करणे परवडत नाही. पोलिसांच्या टिपणातील नावाचे स्पेलिंग बरोबर आहे का, अटक झालेल्या तरुणावरचा आरोप नंतर मागे घेतला गेला का, प्रसिद्धीपत्रकात म्हटलेला निधी खरोखर मंजूर झाला का, हे विचारायला दहा मिनिटे लागतात आणि त्या दहा मिनिटांत चार नोंदी पूर्ण होऊ शकतात. लेखक मनिलात असो किंवा शिकागोच्या शेजारच्या उपनगरात, हा हिशेब बदलत नाही. शाळेच्या जेवणाच्या तक्त्याला या पद्धतीने बाधा येत नाही. पोलिसांच्या नोंदवहीतील बातमीला येते. जर्नॅटिकने दोन्ही एकाच पट्ट्यावरून सोडल्या.

याशिवाय प्रणालीत लेखकाचे टोपणनाव निवडण्याची सोय होती. फिलिपिनो लेखकाने तयार केलेल्या मजकुरावर अमेरिकी वाटणारे एखादे नाव चढवता येई. ब्लॉकशॉपरने पुरवलेल्या घरखरेदीच्या मजकुरावर ‘जे ब्राउनस्टोन’, ‘गिनी कॉक्स’ अशी अस्तित्वातच नसलेल्या व्यक्तींची नावे ह्यूस्टन क्रॉनिकल, सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल आणि शिकागो सन-टाइम्स यांच्या संकेतस्थळांपर्यंत पोहोचली होती.

जून–जुलै 2012

पोइंटर या पत्रकारिता संस्थेच्या संकेतस्थळावर आणि शिकागोतील साप्ताहिकात जर्नॅटिकबद्दल वसंत ऋतूपासूनच लिहून येत होते, परंतु गावोगावच्या श्रोत्यांपर्यंत ही गोष्ट नेली ती ‘धिस अमेरिकन लाइफ’ या नभोवाणी कार्यक्रमाने. जून महिना संपता संपता प्रसारित झालेल्या भागात जर्नॅटिकसाठी संपादन करणाऱ्या एका पत्रकाराने आतील कामकाज उघडपणे सांगितले, आणि टिम्पोन यांनीही कार्यक्रमाशी बोलून आपली बाजू मांडली. खोट्या नावांची पद्धत बंद केली जात आहे असे त्यांनी सांगितले. मूळ कल्पना मात्र त्यांनी ठामपणे उचलून धरली.

पुढचे दोन आठवडे ग्राहक वृत्तपत्रे आपापल्या संग्रहातून खोटी नावे शोधून काढत होती. सन-टाइम्सने हा संबंध संपवण्याचा निर्णय घेतला. ट्रिब्यूनच्या वृत्तविभागातील पत्रकारांनी आपल्या संपादकांना लेखी विनंती करून या व्यवहाराबद्दल चिंता कळवली. मग डियरफिल्ड या उपनगराच्या ट्रिबलोकल आवृत्तीतील एका क्रीडावृत्तात उचललेला आणि रचलेला मजकूर सापडला आणि ट्रिब्यूनने काम थांबवले. दुसऱ्याच दिवशी जर्नॅटिकचे संपादकीय प्रमुख माइक फोर्चर यांनी राजीनामा दिला. कंपनीच्या संस्थापकांशी नीतिमत्ता आणि व्यवस्थापन या दोन्ही बाबतींत आपले मूलभूत मतभेद आहेत, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले.

डियरफिल्डच्या वृत्तातील भाग पॅचवरील बातमीतून घेतलेला होता, हा तपशील बारीक असला तरी सगळ्या व्यवसायाच्या मुळाशी जातो. सामन्याला प्रत्यक्ष हजर राहण्याचा खर्च पॅचने केला होता. स्वस्त उत्पादनाची पद्धत जेव्हा यादी आणि तक्ते सोडून प्रसंगांकडे वळते, तेव्हा तिला कच्चा माल लागतो, आणि प्रसंगाचा कच्चा माल फक्त तिथे असलेल्या माणसाकडेच असतो. शेजारी कोणीतरी तोट्यात का होईना पण बातमीदार पाठवत असेल, तोपर्यंतच ही स्वस्ताई टिकते.

नावाचा प्रश्न

खोटे नाव हा दोष नेमका कशाचा, याबद्दल त्या वेळच्या चर्चेत बराच गोंधळ होता. टोपणनावाने लिहिण्याची परंपरा पत्रकारितेत जुनी आहे, आणि घरखरेदीच्या दोन ओळींवर नाव असलेच पाहिजे असेही नाही. ‘प्रतिनिधीकडून’ किंवा संस्थेचे नाव एवढे पुरले असते. मग नाव घातलेच का? कारण नावामुळे वाचकाला वाटते की या बातमीमागे आपल्याच भागातील, आपल्याला फोन करता येईल असा कोणी माणूस आहे. गावच्या बातमीत चूक झाली तर ती ज्याच्याबद्दल झाली तो शेजारीच राहत असतो. तो कार्यालयात येतो, बातमीदाराला गाठतो, दुरुस्ती मागतो. काल्पनिक नावाने हा रस्ता बंद होतो. मजकूर चुकीचा असेलच असे नाही, पण चुकला तर दुरुस्तीसाठी गाठायला कोणी उरत नाही.

येथे तुलनेसाठी एक जुने उदाहरण उपयोगी आहे. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना नाऊ या संकेतस्थळाचे प्रकाशक जेम्स मॅकफर्सन यांनी आपल्या शहराच्या नगर परिषदेचे वृत्त देण्यासाठी भारतात राहणारे पत्रकार हवे असल्याची जाहिरात दिली. वस्त्रोद्योगात काम केलेल्या मॅकफर्सन यांना उत्पादन परदेशातून करून घेण्याची सवय होती. परिषदेच्या बैठका इंटरनेटवर थेट दाखवल्या जात, तेव्हा त्या पाहण्यासाठी पॅसाडेनातच बसण्याची गरज काय, असे त्यांनी विचारले. दोघांची निवड झाली, एकाला वर्षाला 12,000 डॉलर आणि दुसऱ्याला 7,200 डॉलर अशा मानधनावर. त्यांच्यावर सर्वत्र टीका आणि थट्टा झाली, आणि टीकेत तथ्यही होते: बैठकीनंतर व्हरांड्यात कोण कोणाशी बोलले, कोणता नागरिक रागाने उठून गेला, हे कॅमेऱ्यात दिसत नाही. तरीही मॅकफर्सन यांच्या प्रयोगात आणि जर्नॅटिकमध्ये एक मोठा फरक आहे. मॅकफर्सन यांनी हे काम उघड जाहिरात देऊन, वर्तमानपत्रांना मुलाखती देऊन केले. वाचकाला बातमी कुठून येते ते ठाऊक होते, आणि चुकल्यास जाब विचारायला स्वतः मॅकफर्सन पॅसाडेनात होते. अंतर जर्नॅटिकपेक्षा कमी नव्हते. फसवणूक मात्र नव्हती.

दुसरी तुलना खुद्द शिकागोमधली आहे. एड्रियन होलोवाटी यांनी 2008 मध्ये सुरू केलेले एव्हरीब्लॉक हे संकेतस्थळ गुन्ह्यांच्या, परवान्यांच्या, उपाहारगृहांच्या तपासणीच्या सरकारी नोंदी रस्त्यानुसार लावून देत असे. कच्चा माल जवळजवळ तोच, पण एव्हरीब्लॉकने नोंदीला नोंदच राहू दिले. तिला बातमीचा पोशाख चढवला नाही आणि तिच्यावर कोणाचे नावही लावले नाही. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर हे उत्तर सर्वांत स्वच्छ होते. व्यवसाय म्हणून ते टिकले नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये तेव्हाचे मालक एनबीसी न्यूज यांनी ते बंद केले. तेव्हा जर्नॅटिकने खरे सांगितले असते तर सगळे सुरळीत झाले असते, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. खरे सांगणाऱ्यांनाही त्या काळी ग्राहक मिळत नव्हता.

ट्रिब्यूनच्या बाजूने पाहिले तर त्यांनी मजकूर विकत घेतला, पण त्या मजकुराची तपासणी कोण करणार हे पुरेसे ठरवले नाही. स्वतःच्या वृत्तविभागात उपसंपादक एखाद्या वाक्याला अडतो तेव्हा तो बातमीदाराला विचारतो. जर्नॅटिकच्या साखळीत मूळ लेखक आणि ग्राहक वृत्तपत्राचा संपादक यांच्यामध्ये दोन-तीन माणसे, एक संगणकप्रणाली आणि एक काल्पनिक नाव होते. लेखकांची खरी नावे ग्राहकाला कळवली जावीत, कोणत्या प्रकारचा मजकूर दूरवरून करून घेता येईल आणि कोणता नाही याची यादी असावी, दुरुस्तीची विनंती किती तासांत आणि कोणी हाताळायची हे ठरलेले असावे, एवढ्या तीन अटींनी त्या उन्हाळ्यातील बराचसा अनर्थ टळला असता. ट्रिब्यूनने नंतर जुन्या संपादकाकडून आढावा घेतला आणि 2012 च्या अखेरीस जर्नॅटिकचे काम मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू केले. ते मर्यादित स्वरूप म्हणजे मुख्यतः यादीवजा मजकूर. म्हणजे जे सुरुवातीलाच ठरवायला हवे होते ते शेवटी ठरले.

ग्राहक बदलतो

2013 मध्ये जर्नॅटिकचे नाव लोकॅलिटी लॅब्स झाले. वृत्तपत्रांकडून येणारे काम आक्रसले होते, पण हजारो गावांसाठी नोंदीतून मजकूर काढण्याची यंत्रणा तयार होती, आणि गिरणीला कोणाचे दळण आहे याच्याशी कर्तव्य नसते. नवे दळण राजकारणातून आले. इलिनॉयमध्ये पुराणमतवादी नभोवाणी निवेदक आणि राजकीय कार्यकर्ते डॅन प्रॉफ्ट यांच्या सहभागाने लोकल गव्हर्नमेंट इन्फर्मेशन सर्व्हिसेस या कंपनीची वृत्तपत्रे निघू लागली. ‘लेक काउंटी गॅझेट’, ‘मॅकहेन्री टाइम्स’, ‘डुपेज पॉलिसी जर्नल’ अशी त्यांची नावे पाहून ती जुनी गावपत्रे वाटावीत, हा योगायोग नव्हता. 2016 च्या निवडणुकीच्या हंगामात यांतील छापील अंक मतदारांच्या घरी पोहोचू लागले.

पुढे ही रचना देशभर पसरली. ऑक्टोबर 2019 मध्ये मिशिगनमधील लॅन्सिंग स्टेट जर्नलने आपल्या राज्यात एकाएकी उगवलेल्या जवळपास 40 संकेतस्थळांचे वृत्त दिले. ती टिम्पोन यांच्याशी निगडित मेट्रिक मीडिया या नावाखाली चालत होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटर या पत्रकारिता संशोधन केंद्राने परस्परांशी जोडलेल्या 450 संकेतस्थळांचा माग काढला. ऑगस्ट 2020 पर्यंत हा आकडा 1,200 च्या पुढे गेला. पहिल्या अभ्यासात दोन आठवड्यांत तपासलेल्या 15,000 हून अधिक बातम्यांपैकी जेमतेम शंभराच्या आसपास बातम्यांवर माणसाचे नाव होते. बाकी सगळा मजकूर संगणकाने नोंदींतून जुळवलेला किंवा प्रसिद्धीपत्रकांतून घेतलेला होता. 2012 मध्ये खोटी नावे लावावी लागत होती. आता नावाचीच गरज उरली नव्हती.

ऑक्टोबर 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या जाळ्याचे अर्थकारण मांडले. सुमारे 1,300 संकेतस्थळांच्या या जाळ्यात रिपब्लिकन पक्षाशी निगडित गट आणि जनसंपर्क कंपन्या आपल्याला हवे ते विषय सुचवत आणि पैसे देत, आणि मुक्त लेखक त्या सूचनांनुसार लिहीत. मेन राज्यातील सिनेटच्या लढतीतील डेमोक्रॅटिक उमेदवार सारा गिडियन यांना ढोंगी ठरवणारा लेख लिहिण्यासाठी एका लेखकाला 22 डॉलर देऊ केले होते. पेट्रोलचे सरासरी दर, शाळांचे निकाल आणि हवामान यांच्या हजारो निरुपद्रवी नोंदींमध्ये असे लेख मिसळलेले असत. त्या नोंदी फुकटच्या भरावाच्या होत्या असे म्हणणे अपुरे आहे. संकेतस्थळाला गावपत्राचे रूप देण्याचे काम त्याच करत होत्या, आणि विकला जाणारा लेख त्या रूपावर उभा होता.

या टप्प्यावर मॅडिसन–सेंट क्लेअर रेकॉर्ड पुन्हा आठवतो. टिम्पोन यांनी 2012 नंतर मार्ग बदलला, असे म्हणण्यापेक्षा ते 2004 च्या मार्गावर परतले, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. बातमीचा खर्च 35 सेंटपर्यंत खाली आणता येतो हे त्यांनी सिद्ध केले, परंतु ते 35 सेंटही वाचक देत नव्हता आणि स्थानिक जाहिरातदारही देत नव्हता. जो देत होता तो ट्रिब्यूनसारखा संकटातील प्रकाशक होता, आणि त्याने हात आखडल्यावर ज्याला बातमीतून काही साधायचे आहे असा ग्राहकच उरला. खर्च कमी केल्याने पैसे कोण देणार हा प्रश्न सुटत नाही. उलट खर्च इतका कमी होतो की एखाद्या निवडणूक निधीतील किरकोळ रकमेतून शेकडो गावांची ‘वृत्तपत्रे’ चालवता येतात.

छापील अंकांना मात्र छापखाना लागतो, आणि छापखान्याला मालक असतो. सप्टेंबर 2022 मध्ये इलिनॉयच्या राज्यपालपदाच्या प्रचारात डेमोक्रॅटिक उमेदवार जे. बी. प्रित्झकर यांनी प्रॉफ्ट यांच्या अंकांवर जाहीर टीका केली; हे अंक डेली हेराल्ड या वृत्तपत्राची मालक कंपनी पॅडॉक पब्लिकेशन्स छापून देत होती. स्वतः गावोगावी खरे बातमीदार ठेवणाऱ्या या कंपनीने त्यानंतर ते कंत्राट रद्द केले. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याचे महाधिवक्ता क्वामे राऊल यांनी लोकल गव्हर्नमेंट इन्फर्मेशन सर्व्हिसेसवर दावा दाखल केला. कंपनीच्या संकेतस्थळांवर मतदारांच्या जन्मतारखा आणि घरांचे पत्ते प्रसिद्ध केले जात आहेत आणि निवडणुकीच्या नोंदी केवळ कायद्याने ठरवलेल्या कामांसाठीच वापरता येतात, असे त्या दाव्यात म्हटले आहे.